दोन हजेरीपटांवर एक नाव



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी आयुष्यभर शिकवले. तेव्हा आजचा विषय शिक्षणाचा असावा हे ओघानेच आले. एकाच वेळी दोन विद्यापीठीय पदव्या घेणे हा विषय मी मुद्दाम निवडला, कारण इंदूरच्या या भागातल्या कितीतरी घरांत आज हा निर्णय घेतला जातो आहे. मुलगी बी.कॉम.ला आहे आणि तिला जोडीने संगणकाची पदवीही हवी आहे. मुलगा बी.ए. करतो, लोकसेवा आयोगाच्या क्लाससाठी रोज भंवरकुआँला जातो आणि शिवाय दूरशिक्षणाने दुसरी पदवी घ्यावी का असे विचारतो. आईवडिलांना यातले काय खरे, काय खोटे, काय झेपेल आणि काय नाही हे सांगणारे कोणी भेटत नाही. जो भेटतो तो बहुधा प्रवेश विकणारा असतो.

आधी नियम सांगतो. 12 एप्रिल 2022 रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष एम. जगदीश कुमार यांनी ही परवानगी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. विद्यार्थी दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून करू शकतो, फक्त एकाचे तास दुसऱ्याच्या तासांवर येता कामा नयेत. एक वर्गात बसून आणि एक दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन, असेही चालते. दोन्ही दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइनही चालतात, पण ती संस्था त्या प्रकारच्या शिक्षणासाठी मान्यताप्राप्त हवी. पीएच.डी. यात येत नाही. आणि ज्या शिक्षणावर एखाद्या व्यावसायिक परिषदेचा अंमल आहे, तिथे त्या परिषदेचे नियम लागू राहतात.

ही परवानगी एका दिवसात आलेली नाही. 2012 मध्ये आयोगाने फुरकान कमर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. नियमित पदवीच्या जोडीला दूरशिक्षणाने आणखी एक पदवी घेऊ द्यावी, असे तिचे मत पडले. पण परिषदांनी अनुकूलता दाखवली नाही आणि जानेवारी 2016 मध्ये आयोगाने सूचना काढून जुनीच चौकट कायम ठेवली. 2019 मध्ये पुन्हा समिती बसली. या वेळी अध्यक्ष होते आयोगाचे उपाध्यक्ष, आपल्या पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन. तिथून वाट मोकळी होत गेली. म्हणजे दहा वर्षे हा प्रश्न समित्यांमध्ये फिरत होता, आणि त्या दहा वर्षांत मुले थांबून राहिली नव्हती. ती शिकतच होती. काही उघडपणे शिकत होती, काही लपून.

लपून शिकणाऱ्यांबद्दल थोडे बोलायला हवे. आपल्या मध्य प्रदेशात ‘प्रायव्हेट’ परीक्षेची परंपरा जुनी आहे. सरकारी कागदावर या विद्यार्थ्यांना स्वाध्यायी म्हणतात. रोज वर्गात न जाता अर्ज भरायचा, घरी अभ्यास करायचा आणि परीक्षेला बसायचे. आपल्या मराठी घरांतल्या कितीतरी सुना अशाच एम.ए. झाल्या. मुले शाळेत गेली की पुस्तक उघडायचे, सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की नोट्स काढायच्या. या परंपरेने शिकण्याचा आणि हजेरीचा संबंध सैल केला होता. साहजिकच काही जणांनी इकडे नियमित पदवी आणि तिकडे प्रायव्हेट किंवा दूरशिक्षणाची दुसरी, अशा दोन्ही केल्या. पुढे नोकरीच्या वेळी कागदपत्रे तपासताना दोन गुणपत्रिकांवर एकच वर्ष दिसले की त्यातली एक बाजूला ठेवावी लागे. 2022 च्या तत्त्वांनीही त्यांना दिलासा दिला नव्हता. आधी केलेल्यांना लाभ मागता येणार नाही असे त्यात स्पष्ट लिहिले होते. जून 2025 मध्ये आयोगाने ते कलम बदलले. 13 एप्रिल 2022 च्या आधी एकाच वेळी घेतलेल्या पदव्याही, त्या त्या वेळच्या नियमांप्रमाणे रीतसर घेतल्या असतील तर, आता ग्राह्य आहेत. इथे बसलेल्यांपैकी कोणी अशी गुणपत्रिका कपाटात दडवून ठेवली असेल, तर ती बाहेर काढा. ती तुमच्या कष्टांची आहे.

आता मी मागे जातो, शंभर वर्षांहून अधिक, कारण एकाच वेळी दोन ठिकाणी शिकणे ही नवी गोष्ट नाही. इथून जवळच महू नाका आहे. त्या नाक्यावरून ज्या गावाला लोक जात, त्या महूत 14 एप्रिल 1891 रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ तिथल्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते.  

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपण जयंतीला ऐकतो. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. यादी एकाखाली एक लिहिलेली असते, त्यामुळे एक संपली, मग दुसरी सुरू झाली असा समज होतो. प्रत्यक्षात त्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची. 1915 मध्ये एम.ए. झाले. पुढच्या प्रबंधाचे काम चालू होतेच, आणि 1916 च्या ऑक्टोबरात ते लंडनला पोचले. तिथे त्यांनी एकाच सुमारास दोन ठिकाणी नाव घातले: लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाला आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीला. अर्थशास्त्राच्या संस्थेत त्यांनी हॅलफर्ड मॅकिंडर यांच्याकडे भूगोल घेतला, लोव्ज डिकिन्सन यांच्याकडे राजकीय विचार आणि हॉबहाऊस यांच्याकडे सामाजिक सिद्धान्त. त्या अभ्यासक्रमाची फी होती 10 पौंड 10 शिलिंग. म्हणजे शिष्यवृत्तीच्या एका महिन्याच्या रकमेपेक्षाही कमी. हा आकडा मी मुद्दाम सांगतो, कारण फीबद्दल मला पुढे बोलायचे आहे.

दोन्ही एकत्र कसे जमत होते? याचे उत्तर बॅरिस्टरीच्या घडणीत आहे. लंडनच्या इन्समध्ये रोज वर्गात बसावे लागत नसे. टर्म भराव्या लागत, आणि टर्म भरायची म्हणजे त्या इनच्या भोजनगृहात ठरावीक संख्येने जेवणांना हजर राहायचे. बारा टर्म, सुमारे तीन वर्षे, आणि शिवाय परीक्षा. गांधीजींनीही तिथे बॅरिस्टरी करताना मधल्या वेळात लंडनची मॅट्रिक दिली होती. जेवण संध्याकाळी, अभ्यास आपला आपण. दिवस मोकळा राहायचा. बाबासाहेबांनी तो दिवस अर्थशास्त्राला आणि ग्रंथालयाला दिला. 2022 च्या नियमातली अट, एकाची वेळ दुसऱ्याच्या वेळेवर येऊ नये, ती लंडनमध्ये अशी आपोआप पाळली जात होती.

इथे एक बारीक भेद सांगायला हवा. बॅरिस्टरी ही विद्यापीठाची पदवी नव्हती. ती एका व्यावसायिक संस्थेची पात्रता होती. आज आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळ काय येते? सी.ए. इंदूरात बी.कॉम. करता करता सी.ए. करणारी मुले गल्लोगल्ली आहेत. सकाळी कॉलेज, मग आर्टिकलशिप, रात्री क्लास, आणि अशा मुलाचे आपण कौतुकच करतो. त्याला कोणत्याही आयोगाने कधी अडवले नाही, कारण सी.ए. विद्यापीठ देत नाही. त्याच मुलाने त्याच तासांत बी.कॉम.च्या जोडीला गणिताची पदवी मागितली असती, तर 2022 पर्यंत ते नियमबाह्य ठरले असते. माणसाला दोन गोष्टी एका वेळी झेपत नाहीत म्हणून ही बंदी होती असे जे सांगितले जाई, ते मला म्हणूनच पटले नाही. झेपण्या-न झेपण्याचा विचार त्यात नव्हताच. एका विद्यार्थ्याचे नाव दोन हजेरीपटांवर असू नये ही प्रशासनाची सोय होती, आणि सोयीला तत्त्वाचे नाव मिळाले होते.

लंडनला परत येऊ. 1916 च्या त्या दोन प्रवेशांचे पुढे काय झाले, हे आपण फारसे सांगत नाही. ते मोडले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 च्या जूनमध्ये त्यांना परतावे लागले. एकही अभ्यासक्रम पुरा झाला नव्हता. पुस्तके वेगळ्या जहाजाने पाठवली होती, ते जहाज महायुद्धात पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. शिष्यवृत्तीच्या करारामुळे बडोद्याला नोकरी धरली, तिथे अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळाली नाही, अपमान सोसून मुंबईला परतावे लागले. आज आपण ज्यांना अद्वितीय विद्यार्थी म्हणतो, त्यांचा एकाच वेळी दोन ठिकाणी शिकण्याचा पहिला प्रयत्न पैशाअभावी अर्ध्यावर तुटला होता.

तो पुन्हा जोडला गेला, कारण एक दार उघडे होते. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात 1918 पासून प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. छत्रपती शाहू महाराजांची मदत झाली. नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. 1920 मध्ये ते लंडनला परतले आणि दोन्ही धागे पुन्हा हातात घेतले. 1921 मध्ये एम.एस्सी., 1922 मध्ये बॅरिस्टर. पुढे रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला. परीक्षकांनी तो बदलून मागितला, तो पुन्हा लिहून पाठवला आणि 1923 मध्ये डी.एस्सी. मिळाली. या मधल्या काळात त्यांच्या पत्नी रमाबाई मुंबईत कमालीच्या ओढगस्तीत संसार चालवत होत्या. दोन पदव्यांचा हिशेब मांडताना हा खर्च कोणत्याही फी-पावतीवर येत नाही. मी तो इथे मोठ्याने सांगतो, कारण आजही घरातला एक जण दोन ठिकाणी शिकतो तेव्हा दुसरे कोणीतरी दोघांचे काम करत असते, आणि बहुतेक वेळा ती बाई असते.

दोन विषय कशासाठी, हे त्यांच्या पुढच्या कामात दिसते. 1925 मध्ये त्यांचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ निघाला, ज्यावर कोलंबियाने 1927 मध्ये पीएच.डी. दिली. हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनावर साक्ष दिली. महाडच्या चवदार तळ्याचा दावा ते कोर्टात दहा वर्षे लढले आणि 1937 मध्ये उच्च न्यायालयात जिंकले. आणि केंद्र व प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला गेला याचा इतिहास ज्याने तरुणपणी लिहिला होता, तोच माणूस राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. माणसाला माणूसपण नाकारले जाते ते कशाच्या बळावर, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे एक मूळ पैशात होते, एक कायद्यात. एकच शास्त्र शिकून तो हाताला लागला नसता. मला दोन पदव्यांचे समर्थन करायचे असेल तर ते मी याच जागेवरून करतो. ज्याच्याजवळ असा प्रश्न आहे, त्याच्या आड वेळापत्रक येऊ नये.

नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचे उदाहरण या विषयात हमखास निघते, आणि निघायलाच हवे. काटोल भागातला हा मुलगा डॉक्टर झाला, एम.डी. झाला, कायद्यात एलएल.एम. झाला, दहा विषयांत एम.ए. झाला, संस्कृतात डी.लिट. झाला. 1973 ते 1990 या काळात त्यांनी 42 विद्यापीठीय परीक्षा दिल्या असे सांगितले जाते. उन्हाळी सत्र आले की एक, हिवाळी सत्र आले की दुसरी. आधी आय.पी.एस., मग आय.ए.एस. होऊन दोन्हींचा राजीनामा दिला आणि 1980 मध्ये ते आमदार झाले. 2004 मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. जिचकारांची रीत बाबासाहेबांच्या रीतीहून वेगळी होती. त्यांनी परीक्षांच्या वेळापत्रकालाच ऋतुचक्र मानले आणि एकामागून एक विषय आत घेतला. त्यांची भूक ज्ञानाच्या विस्ताराची होती. मला ती पूज्य वाटते. पण आपल्या मुलांसमोर हे उदाहरण ठेवताना आपण फक्त आकडा सांगतो, वीस पदव्या, आणि मुलाच्या मनात पदव्यांची संख्या वाढवायची एवढेच उरते. जिचकारांनी संस्कृतासाठी काय केले, रामटेकच्या कालिदास संस्कृत विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा किती जीव गुंतला होता, हेही त्याच वेळी सांगितले तर आकड्यामागचा माणूस मुलांना दिसेल.

आता आजच्या इंदूरातल्या विद्यार्थ्याच्या दिवसाकडे वळू. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका वर्षाच्या शिक्षणाला 40 क्रेडिट धरली आहेत आणि त्यासाठी 1200 तास. यात वर्ग, प्रात्यक्षिक, स्वतःचा अभ्यास सगळे आले. दोन पदव्या म्हणजे 2400 तास. सणवार, आजारपण, लग्नकार्ये वजा करून वर्षाचे 300 दिवस अभ्यासाचे धरले तर रोजचे आठ तास होतात. हा आकडा अशक्य नाही. पण त्यात अन्नपूर्णा रोडवरून विद्यापीठाच्या खंडवा रोडवरच्या परिसरापर्यंतचे जाणे-येणे नाही. ट्यूशन घेऊन फी भरणाऱ्या मुलाचे ते दोन-तीन तास नाहीत. घरातल्या मुलीवर स्वयंपाकाची एक वेळ असेल तर तीही नाही. ज्याचे आठ तास आधीच दुसऱ्याच्या मालकीचे आहेत, त्याला दोन पदव्यांची परवानगी मिळूनही तिचा उपयोग होत नाही.

हा हिशेब प्रत्येक घराने कागदावर करावा असे मला कळकळीने सांगायचे आहे. प्रवेश घेताना उत्साह असतो. पहिल्या सत्राच्या शेवटी दोन परीक्षा एकाच आठवड्यात आल्या की कळते. मार्गदर्शक तत्त्वे तासांच्या वेळांबद्दल बोलतात. परीक्षा मात्र दोन वेगळी विद्यापीठे आपापल्या सोयीने लावतात. एक पेपर सोडावा लागला तर बॅकलॉग दुसऱ्या वर्षात सरकतो, आणि तिथे पुन्हा तेच.

म्हणून ज्यांना जोडीची पदवी घ्यायची आहे त्यांच्यासाठी ऑनलाइनचा मार्ग सध्या जास्त सुसह्य आहे. आय.आय.टी. मद्रासने 2020 मध्ये डेटा सायन्सचा जो ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला, त्याची रचना मला विचारपूर्वक केलेली वाटते. व्याख्याने आठवड्याला मिळतात, आपल्या वेळेला ऐकता येतात. परीक्षा मात्र केंद्रावर प्रत्यक्ष बसून द्यावी लागते, त्यामुळे पदवीला वजन राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पायऱ्या आहेत: पायाभूत, मग डिप्लोमा, मग पदवी. मध्ये थांबलात तर तिथवरचे काहीतरी हातात राहते. इंग्रजी, इतिहास, वाणिज्य शिकणारी मुलेही दुसरी पदवी म्हणून तिकडे वळतात. पण ती सोपी नाही. ‘ऑनलाइन म्हणजे सोपे’ हे ज्याने तुम्हाला सांगितले त्याच्याकडे प्रवेश घेऊ नका. संस्थेला दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइनची मान्यता त्या वर्षी आहे का, हे आयोगाच्या यादीत स्वतः पाहा.

थांबून पुन्हा सुरू करता येणे हे मला वेळेच्या सोयीपेक्षाही मोलाचे वाटते. लंडन विद्यापीठाने बाबासाहेबांना चार वर्षे दिली नसती तर तो अभ्यास तिथेच संपला असता. आज आपल्याकडे क्रेडिट बँक आहे; मिळवलेली क्रेडिट तिथे सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. कागदावर ही फार मोठी गोष्ट आहे. वडिलांची नोकरी गेली, मुलीचे लग्न झाले, मुलाला वर्षभर दुकानात बसावे लागले, तरी शिकलेले वाया जाऊ नये, याची ती हमी आहे. पण किती महाविद्यालये प्रवेशाच्या दिवशी विद्यार्थ्याला हे बसवून समजावतात? खाते उघडून घेतात, क्रमांक लिहून घेतात आणि पुढच्याला बोलावतात.

वकिलीच्या शिक्षणाबद्दल मला थोडे परखड बोलायचे आहे. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांतला सहावा नियम सांगतो की कायद्याच्या पदवीला नाव असताना दुसऱ्या पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घालता येणार नाही. एकाच संस्थेचा एकात्मिक अभ्यासक्रम, दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम आणि भाषा वा संगणकाचा छोटा प्रमाणपत्र वर्ग एवढेच त्याला अपवाद. सप्टेंबर 2024 मध्ये कौन्सिलने महाविद्यालयांना विद्यार्थ्यांकडून तशी लेखी घोषणा घ्यायलाही सांगितले. यामागची काळजी मला समजते. कायदा शिकायचा तर वर्गात वाद घालावा लागतो, मूट कोर्टात उभे राहावे लागते. 70 टक्के हजेरीचा नियम त्यासाठीच आहे. मग त्या हजेरीवरच बोट ठेवा. जो विद्यार्थी 70 टक्के हजर राहतो, परीक्षा पास होतो, त्याने संध्याकाळी अर्थशास्त्राच्या वर्गात बसू नये असे का म्हणायचे? महूत जन्मलेल्या ज्या माणसाचे छायाचित्र प्रत्येक विधी महाविद्यालयात लावलेले असते, त्याने अर्थशास्त्र आणि कायदा एकाच गावात, एकाच वर्षी सुरू केले होते. हा नियम बदलावा, असे मी या व्यासपीठावरून म्हणतो.

आता आपल्या विद्यापीठांकडे माझ्या काही मागण्या आहेत. आयोगाने परवानगी दिली, पण ती कशी राबवायची हे प्रत्येक विद्यापीठावर सोपवले. त्यामुळे मुलगा दुसरीकडे प्रवेशाला गेला की खिडकीवर मूळ टी.सी. आणि मायग्रेशन मागतात, आणि ती तर पहिल्या महाविद्यालयात जमा असते. एका कागदासाठी परवानगीच अडून बसते. याबाबत आयोगाला विद्यापीठांना पुन्हा पत्र लिहावे लागले होते. पहिल्या संस्थेने ‘हा आमचा विद्यार्थी आहे, याचे मूळ कागद आमच्याकडे आहेत’ असा एक दाखला द्यावा आणि दुसऱ्या संस्थेने तो मानावा. यात कोणाचे काही जात नाही.

फी हा त्याहून मोठा मुद्दा आहे. सरकारी शिष्यवृत्ती एका वेळी एकाच अभ्यासक्रमाला मिळते. म्हणजे दुसरी पदवी फक्त ज्यांना परवडते त्यांच्यासाठी, असा अर्थ होतो. 1916 मध्ये एका महिन्याच्या शिष्यवृत्तीत लंडनच्या त्या अभ्यासक्रमाची फी भरून काही शिलिंग उरत होते. तरी राहण्या-खाण्याला पैसे पुरले नाहीत आणि शिक्षण तुटले. आज फीच जिथे घराच्या महिन्याच्या कमाईच्या पुढे जाते, तिथे गरीब मुलाला दोन पदव्यांचा हक्क आहे असे म्हणणे मला जड जाते. सगळ्यांना नको, पण जो विद्यार्थी पहिल्या वर्षी दोन्हीकडे चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होतो, त्याची दुसऱ्या पदवीची फी माफ व्हावी. ज्याने जमवून दाखवले आहे त्याच्यावरच खर्च होईल.

या परिसरातल्या आपल्या मराठी संस्थांकडे, मंडळांकडेही मागणे आहे. गणेशोत्सव आपण उत्तम करतो, शारदोत्सव करतो, नाटके आणतो. त्यातल्या एखाद्या सभागृहाची एक खोली रात्री अकरापर्यंत अभ्यासाला उघडी ठेवता येईल का? वीज, पाणी, चार टेबले आणि चांगले इंटरनेट. ज्या घरात दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, तिथल्या मुलाला रोजचे आठ तास कुठे बसायचे हा प्रश्न विषय निवडण्याच्याही आधी येतो. बाबासाहेब लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस काढत. मुलींसाठी ही खोली असेल तर त्यांना घरी पोचवण्याची व्यवस्थाही मंडळाने पाहावी, नाहीतर ती फक्त मुलांची होईल.

आणि पालकांनो, तुम्ही मला सगळ्यात जास्त वेळा विचारता की दुसरा विषय कोणता घ्यावा. नोकरीची भीती असते, म्हणून जे चालते ते घ्यावे असे वाटते. ती भीती खोटी नाही आणि तिच्याबद्दल मी कोणाला कमी लेखणार नाही. पण मुलाला आधी हे विचारा, की पहिला विषय शिकताना तो कुठे अडला. इतिहास शिकताना जमिनीचे कागद वाचता येत नाहीत म्हणून अडला असेल, तर त्याला कायदा हवा आहे. वाणिज्य शिकताना आकड्यांचा ढीग हाताळता येत नाही म्हणून अडली असेल, तर तिला संख्याशास्त्र हवे आहे. आणि तो कुठेच अडला नसेल, तर सध्या एकच पदवी नीट करू द्या. नियमाने दोन घेता येतात म्हणून घ्यायलाच हव्यात असे नाही. आणखी दोन वर्षांनी, चार वर्षांनीही त्या घेता येतील.

माझे बोलणे इथे संपवतो. संयोजकांनी प्रश्नांसाठी अर्धा तास राखला आहे. ज्यांच्या प्रवेशाची खिडकी पुढच्या आठवड्यात बंद होणार आहे आणि ज्यांची टी.सी. कुठेतरी अडकली आहे, अशा मुलांनी कागद घेऊन आधी पुढे यावे. बाकीचे आपण नंतर बोलू.